जन्मतारीख

दुकानात हाच कॅमेरा दोन लाख चाळीस.
त्या साइटवर एक लाख बासष्ट.
मधले अठ्ठ्याहत्तर हजार
मी सेलूच्या स्टुडिओत, निळ्या पडद्यामागं बसून
तीन रात्री मोजत होतो.

साइटवर फोन नंबर नव्हता.
पत्ता होता, कुठल्याशा बंदरातला अकरावा मजला,
आणि ‘आमची माणसं’ म्हणून एक फोटो:
सहा जण, टाय घातलेले, हसणारे.
वीस वर्षं लग्नातले ग्रुप फोटो काढतोय मी,
लगेच दिसलं.
डावीकडच्या तिघांच्या नाकाची सावली उजवीकडं,
उजवीकडच्या दोघांची डावीकडं,
मधल्या बाईला सावलीच नाही.
ही माणसं कधी एका उन्हात उभी राहिलेली नव्हती.

तरी पैसे भरले.
मानवतच्या लग्नाचा इसार आला होता,
आणि जुन्याचं शटर नेमकं अंतरपाट खाली येताना अडकायचं.
सुधामती एवढंच म्हणाली,
‘कोथिंबिरीची जुडी चारदा उलटी करून घेता की हो तुम्ही.’

सोळा दिवस पार्सल ‘मार्गस्थ’.
सतराव्या दिवशी कुरियरच्या पोराचा फोन, काका, खूण सांगा.
म्हणालो, जिनिंगच्या मागं, टाकीखाली,
शटरवरच्या नवरीचे नुसते डोळे उरलेत
ते दुकान.

अफरोजनं मोबाइलवर शूटिंग धरलं, पुरावा म्हणून.
खोक्याची पट्टी एकदा कापून पुन्हा चिकटवलेली.
वॉरंटीच्या कार्डावर दुकानाच्या शिक्क्याची जागा
कोरी.
आत मात्र तो होता. काळा, थंड,
कुणाच्या हाताचा घाम न लागलेला.
चालू केला तर सगळी जपानी अक्षरं,
दुसरी भाषा निवडायची सोयच नाही.
एक चौकोन, मधे आडवी रेघ. एक शिडीसारखं.
अफरोजनं त्यावर मोबाइल धरला, मोबाइलनं वाचलं:
वर्ष. चंद्र. सूर्य.
आम्ही दोघं गपच झालो.
मग कळलं, बापडा तारीख विचारत होता.

तीन लग्नं निघाली. चौथ्याला हळदीतच डोळा मिटून बसला.
एसटीनं संभाजीनगर. एसीचं सेंटर.
काउंटरवरच्या पोरीनं त्याच्या पोटावरचा नंबर टाइप केला,
पुन्हा केला, आणि हळू म्हणाली,
‘सर, आमच्याकडं याची नोंदच नाही.’
मी म्हणालो, हातात आहे की तुमच्या.
‘हो, पण सिस्टिममध्ये हा नाही.’
तरी एक फॉर्म दिला तिनं. त्यात माझी जन्मतारीख.
एक जून, लिहिलं मी.

आमच्या वर्गात एकोणचाळीस पोरं,
एकतीस जणांचा जन्म एक जूनचा.
गुरुजींना घाई होती, आणि आईला सांगता येत होतं ते एवढंच:
ज्वारी हुरड्यात आली होती,
पहाटे लई थंडी होती, आणि दाई उशिरा आली.
या खुणेला रजिस्टरात रकाना नव्हता.

परभणीला वहीदभाईनं तो उघडला,
वर्तमानपत्रावर ओळीनं स्क्रू मांडले,
साडेतीन हजार म्हणाला, पावती नाही म्हणाला.
‘कोन गावचा हाय मला काय करायचं,
स्क्रू तर वळखायलेत मला.’
दोन तासांनी सेल घातला. डोळा उघडला.
वर्ष, चंद्र, सूर्य.
‘काय टाकू?’
वहीदभाईचा जन्मही एक जूनचाच निघाला.

ती तारीख पुढं बदलायची राहून गेली.
त्या रात्रीपासून तो आपला तिथूनच दिवस मोजतोय,
कोणत्या सालापासून, ते अक्षर मला अजून लागत नाही.
परवा मानवतहून नवरीच्या वडिलांचा फोन,
‘अहो, लग्न माघातलं, अन् फोटोवर जून कसा काय?’
म्हणालो, राहू द्या दाजी.
उद्या लेकराचं नाव शाळेत घालताना
हुडकत बसावं लागणार नाही.